झोळीचा काटा

मला पहिल्यांदा तोलणारा काटा अंगणवाडीच्या आढ्याला टांगलेला होता. १९९२-९३मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं पोरं दगावली, जव्हारचं नाव पेपरात गाजलं आणि त्यानंतर साहेबांच्या गाड्या पाड्यापाड्यांवर फिरू लागल्या. आम्हाला चड्डीसारख्या पिशवीत घालून लोंबकळत ठेवायचे. आम्ही भोकाड पसरायचो. काट्यावरचा आकडा वहीत जायचा. आईला तो कधी कुणी सांगितला नाही.

पुढे लग्न होऊन शिरपामाळाच्या अलीकडच्या पाड्यावर आले आणि पंचविशी ओलांडल्यावर आशा कार्यकर्ती झाले. आठवी पास लागायची, मी दहावी होते. किटमध्ये थर्मामीटर, घड्याळ आणि स्प्रिंगचा काटा मिळाला, त्याला कापडी झोळी. पोर दवाखान्यात जन्मलं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं. सहाही भेटी पुऱ्या झाल्या की अडीचशे रुपये. गावातली बाईसुद्धा तान्ह्या बाळाला वाचवू शकते, हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९९ साली जगाला दाखवलं होतं. देशभर हे काम २०११पासून आलं. आमच्या हातातला काटा हा त्याच कामाचा.

वजन करणं वाटतं तेवढं सोपं नाही. आधी रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणायचा. बाळाचे कपडे उतरवायचे, पण दार लोटून, चुलीच्या उबेत. काटा डोळ्यांच्या रेषेत धरायचा. बाळ पाय झाडत असतं तोवर सुई ठरत नाही. ठरली की आकडा वाचायचा आणि बाळ लगेच आईच्या छातीशी. अडीच किलोच्या खाली असलं तर जास्त फेऱ्या, जास्त राखण.

एका घरी बाळ दवाखान्यातल्या वजनापेक्षा तिसऱ्या दिवशी कमी भरलं. सासू खवळली, “बाय, तुझ्या काट्यानं माझं पोर उतरवलं!” पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतंच, दूध चालू राहिलं की दोन आठवड्यांच्या आत भरून निघतं, हे मी पाठ केलेलं होतं. पण पाठ केलेलं म्हाताऱ्या बाईसमोर बोलायला जीभ जड होते. सातव्या दिवशी सुई वर सरकली. तिनं ती स्वतः वाकून पाहिली आणि मला नागलीची भाकरी वाढली. चौदाव्याला गेले तेव्हा दाराला कडी. दिवाळी झाली होती. घर जगायला गेलं होतं, भिवंडीकडच्या वीटभट्टीवर. माझ्या वहीतले पुढचे रकाने कोरे राहिले.

बारावी मी याच काळात केली, बाहेरून, सतरा नंबरचा फॉर्म भरून, आर्ट्सला. मला नर्स व्हायचं होतं आणि नर्सिंगच्या एएनएम अभ्यासक्रमाला कुठल्याही शाखेची बारावी चालते. दिवसा भेटी, लसीकरणाचा दिवस, गरोदर बाईला रुग्णालयात नेणं. पावसाळ्यात त्यावर भाताची आवणी. अभ्यासाला उरायचा तो शिरपामाळावर जीपची वाट पाहण्याचा वेळ. सुरतेकडे जाताना १६६४ साली शिवाजी महाराजांचा तळ शिरपामाळावर पडला होता, जव्हारच्या विक्रमशहांनी त्यांचं तिथं स्वागत केलं, असं इकडे सांगतात. पर्यटक तिथल्या स्मारकाचे फोटो काढायचे आणि मी बाजूला बसून सहकाराची उत्तरं घोकायचे. मांडीवर पुस्तक, पुस्तकाखाली काट्याची पिशवी. कुणी विचारलंच तर नवरा सांगायचा, “बाईची परीक्षा आहे.” मला वाटतं तो जरा मिरवायचा.

एएनएमची दोन वर्षं मात्र नोकरी सांभाळून होत नाहीत, आशाचं काम सोडावं लागलं. वर्गातल्या मुली माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. शरीररचनेत त्या पुढे, इंग्रजी नावांत मी कायम मागे. पण वॉर्डात पहिल्यांदा तान्हं बाळ हातात आलं तेव्हा त्या मागे सरल्या आणि मी पुढे झाले. तिथला काटा बॅटरीवरचा होता, ताटासारखा. बाळ ठेवण्याआधी शून्य पाहायची सवय मला कुणी लावावी लागली नाही.

तरी प्रवेशाच्या वेळी अनुभव म्हणून मी आशाची वर्षं सांगितली, तेव्हा खिडकीतला माणूस म्हणाला होता, “ते मानधनाचं काम, नोकरी नव्हे.” आशांना एएनएम-जीएनएमच्या प्रवेशात प्राधान्य द्यावं, असं आरोग्य अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांतच म्हटलं आहे. खिडकीपर्यंत ते पोचलेलं नसतं. माझ्या मते पाड्यावर काढलेलं एक वर्ष वॉर्डातल्या वर्षापेक्षा हलकं नाही. तिथं विचारायला डॉक्टर नसतो. जे ठरवायचं ते आपणच.

तेव्हा जव्हार-मोखाड्यातल्या आशाताईंनो, दहावी होऊन दोन वर्षं झाली असतील तर सतरा नंबरचा फॉर्म यंदाच भरा. एएनएमला वयाची अट पस्तिशीची आहे. आणि तुमच्या भेटींच्या वह्या कुठेही जमा करण्याआधी झेरॉक्स काढून ठेवा.