मुका मार आणि लेखी नियम

ज्या माराने रक्त येत नाही, त्याला आपण मुका मार म्हणतो. हा शब्द हाडामांसाप्रमाणे मेंदूलाही लागू पडतो. खेळताना डोके आपटले की कवटीच्या आत मेंदूला हादरा बसतो. डॉक्टर त्यास कन्कशन म्हणतात. बहुतेक वेळा शुद्ध हरपत नाही, सीटी स्कॅनमध्येही काही दिसत नाही. मुलगा उठतो, माती झटकतो आणि पुन्हा चढाईला जातो. या स्मरणिकेत शाळेने जिंकलेल्या चषकांविषयी सहकारी लिहितीलच. मी मैदानाच्या या दुसऱ्या बाजूविषयी लिहीत आहे.

इतिहासाचा शिक्षक असल्याने मी प्रथम दाखल्यांकडे वळतो. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोस येथे भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू आदळला व कवटीला तडा गेला. प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल यांच्यासह आपले चंदू बोर्डे व बापू नाडकर्णी यांनी रक्त दिले. कॉन्ट्रॅक्टर वाचले, परंतु पुन्हा कसोटी खेळले नाहीत. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात हेल्मेटविना क्षेत्ररक्षण करणारे रमण लांबा यांच्या डोक्याला चेंडू लागला. ते स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले. तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले. मेंदूतील रक्तस्राव हा कन्कशनहून वेगळा व अधिक घातक. परंतु पहिल्या काही मिनिटांत दोन्ही सारखेच दिसू शकतात.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात २००६ साली झॅकरी लिस्टेड हा तेरा वर्षांचा खेळाडू डोक्याला मार लागूनही त्याच सामन्यात पुन्हा उतरला. सामन्यानंतर तो कोसळला आणि कायमचा अपंग झाला. २००९ मध्ये त्याच्या नावाने तेथे कायदा झाला. त्याची सूत्रे तीन : पालक व खेळाडूंना आधीच माहिती देऊन त्यांची स्वाक्षरी घ्यावी, शंका येताच खेळाडूला बाहेर काढावे, आणि वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी परवानगीशिवाय त्याला परत घेऊ नये.

ही सूत्रे आपल्या मैदानावर का हवीत, हे मी तालुकास्तरीय कबड्डीत पाहिले आहे. आमच्या एका चढाईपटूचे डोके पकडीत बचावपटूच्या गुडघ्यावर आदळले. तो लगेच उठला. गुणसंख्या विचारली, तर त्याने आधीच्या सामन्याची सांगितली. मी त्याला बसवले. तो म्हणाला, “सर, मले काहीच नाही झालं. खेळू द्या ना.” त्याची तळमळ खोटी नव्हती. जिल्हा व त्यापुढील स्पर्धांतील सहभागावर दहावीला क्रीडागुण मिळतात, आणि त्याला ते हवे होते. आम्ही सामना हरलो. पुण्याला बांधकामावर असलेल्या त्याच्या वडिलांना मी फोन केला. ते एवढेच म्हणाले, “सर, पोरगं तुमच्याच हवाली आहे.” रात्री दोनदा उलटी झाल्यावर त्याला रुग्णालयात नेले. तो बरा झाला. मात्र ते वर्ष त्याच्या हातून गेले, आणि कित्येक दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

त्या क्षणी मुलाला खेळायचे असते, प्रशिक्षकाला जिंकायचे असते आणि शिक्षकाला मुलाचा हिरमोड बघवत नाही. म्हणून निर्णय सामन्यापूर्वी कागदावर झालेला असावा. दुर्बलाचे रक्षण कोणाच्या चांगुलपणावर सोपवू नये, ते नियमात बांधावे, ही शिकवण आपल्या समाजाला नवी नाही.

२०२२ च्या अ‍ॅमस्टरडॅम येथील तज्ज्ञ परिषदेने परतीच्या पायऱ्या घालून दिल्या आहेत. त्या कबड्डीच्या भाषेत अशा : पहिले २४ ते ४८ तास हलकी विश्रांती, मोबाइल अत्यल्प, मग चालणे, मग एकट्याने धावणे, सर्व लक्षणे गेली असतील तरच स्पर्शाविना पदन्यासाचा सराव, त्यानंतर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन पकडीचा सराव, आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. त्रास वाढला तर थांबून दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करावा, आणि स्पर्शाविना सरावापासून पुढे लक्षणे परतली तर एकट्याने धावण्याच्या पायरीवर परत यावे. पूर्ण अभ्यासाला बसू न शकणाऱ्या मुलाने सामन्याला उतरू नये. ब्रिटनच्या २०२३ च्या मार्गदर्शनानुसार २१ दिवसांपूर्वी स्पर्धा नाहीच. डॉक्टर सहज न मिळणाऱ्या गावासाठी मला हा आकडा विशेष उपयोगी वाटतो.

निवासी शाळेत आणखी एक जबाबदारी येते. इतर मुले घरी आईजवळ झोपतात. आपली मुले गृहपालांच्या नजरेखाली झोपतात. म्हणून मार लागलेल्या मुलाची नोंद रात्रीच्या वहीत हवी. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झटके, हातापायांत अशक्तपणा, वाढती गुंगी, दुहेरी दिसणे यांपैकी काहीही आढळल्यास सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

पालकांनी प्रवेशाच्या वेळीच या नियमावर स्वाक्षरी करावी. माजी विद्यार्थ्यांत आज डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत. त्यांनी दरवर्षी स्पर्धांपूर्वी एक दिवस शाळेला द्यावा. आणि ज्या मुलाला बसवले जाईल, त्याला संघाच्या छायाचित्रात पहिल्या रांगेत जागा असावी. बाहेर बसणाराही संघातच असतो, हे इतर मुलांना तेथूनच कळेल.