उडतं खातं

काउंटरच्या आत बसणाऱ्या माणसाला जगात दोनच प्रकारची माणसं दिसतात. आधी शिल्लक विचारून मग पैसे काढणारी, आणि आधी पैसे काढून, शिल्लक संपल्यावर, ती जणू मीच चहाबरोबर खाल्ली अशा नजरेनं माझ्याकडे बघणारी. ड्रोन हे यंत्र जन्मतः दुसऱ्या वर्गातलं. बॅटरीत किती उरलंय याची त्याला आपणहून काही कल्पना नसते. उडत राहतं, संपलं की पडतं. ते त्याला वेळेवर कळावं म्हणून बॅटरी आणि यंत्र यांच्यामध्ये काडेपेटीएवढी एक पट्टी बसवतात. तिला पॉवर मॉड्यूल म्हणतात. मी तिला कारकून म्हणतो.

ड्रोनशी माझा संबंध आजवर कागदोपत्रीच होता. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोननं गावठाणाची मोजणी झाली, पुढं २०२० साली स्वामित्व योजना आली, आणि असल्या मोजणीतून निघालेल्या मिळकतपत्रिका भोरच्या आमच्या काउंटरवर कर्जासाठी सरकवल्या जाऊ लागल्या. पण माझ्या बहिणीला दिलंय कानदखोऱ्यात, वेल्ह्याच्या बाजूला. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, एसटीची वाट बघणारे मात्र अजून वेल्हंच म्हणतात.) तिचा मुलगा डिप्लोमा करतो. त्यानं ड्रोन जोडायला घेतला आणि मला निरोप धाडला, "मामा, मदतीला या." नसरापूर, मार्गासनी करत मी पोचलो. बी. कॉम. माणसाची इलेक्ट्रॉनिक्समधली मदत म्हणजे टॉर्च धरणं. ती मी मन लावून करतो.

हा सगळा खटाटोप भाच्याच्या आजीसाठी होता. त्यांची भातखाचरं ओढ्यापलीकडे. श्रावणात ओढ्याला पाणी, आजींच्या गुडघ्यांना कळा. दोन पावसाळे झाले, त्यांनी स्वतःचं शेत पाहिलं नव्हतं. पोरं म्हणायची, "सगळं झ्याक हाय आई." आणि मग जरा वेळानं, "पुण्याची पार्टी आलीय, प्लॉट पाडायला जागा मागतीय." न दिसणारी जमीन विकायला सोपी जाते, हे समजायला बी. कॉम. पुरेसं आहे.

आता कारकुनाची कामं सांगतो. चार सेलची बॅटरी पूर्ण भरली की १६.८ व्होल्ट. पण ड्रोनचा मेंदू, म्हणजे फ्लाइट कंट्रोलर, पाच व्होल्टवर जगणारा सात्त्विक जीव. सोळा व्होल्ट दिले तर जागच्या जागी समाधी घेईल. तेव्हा मोटारींना रोख सगळी, मेंदूला मोजून पाच, हे पहिलं काम. दुसरं, शिल्लक किती आणि उचल कोणत्या वेगानं चाललीय हे क्षणोक्षणी वर कळवणं. मेंदूकडे जाणाऱ्या तारा सहा : दोन पाच व्होल्टच्या, एक शिल्लक सांगणारी, एक उचल सांगणारी, आणि दोन जमिनीच्या. या दोघी काहीच बोलत नाहीत, पण त्यांच्याशिवाय चालत नाही. असे दोघे प्रत्येक शाखेत असतात.

भाच्यानं पंखे काढून ठेवले (हे आधी करायचं, बोटं मोजकीच मिळतात), लाल तारेला लाल जोडली, बॅटरी लावली आणि लॅपटॉपवर आकडा आला : १७.०. मी टॉर्च खाली ठेवला.

"अरे, भरलेली बॅटरी सोळा पूर्णांक आठच्या वर जात नाही म्हणालास ना?"

"मामा, जरा इकडंतिकडं दाखवतंय. पाव-अर्ध्या व्होल्टनं काय होतंय?"

हे वाक्य कारकुनासमोर बोलू नये. मी नोकरीला लागलो तेव्हाचे आमचे हेडक्लार्क सत्तर पैशांच्या फरकापायी सगळ्या शाखेला रात्री नऊपर्यंत बसवायचे. मी म्हटलं, "मल्टिमीटर आण." मीटर म्हणाला १६.५. म्हणजे पासबुकात अर्धा व्होल्ट जास्त! कमी दाखवणारं पासबुक गिऱ्हाइकाला भांडायला लावतं. जास्त दाखवणारं बुडवतं. इथं तर बुडवायला खराखुरा ओढाच होता.

दुरुस्ती मात्र सोपी निघाली. मीटरवरचा खरा आकडा त्या प्रोग्रॅममध्ये टाकायचा, तो आपलं गुणोत्तर बदलून घेतो. पुन्हा मोजलं, जुळलं. टॅली झाल्याचा आनंद मला त्या दिवशी प्रथमच ओव्हरटाइमशिवाय मिळाला.

मग मिनिमम बॅलन्स ठरवला. १४.४ व्होल्टला आलं की ड्रोननं आपण होऊन घरी परतायचं; १४.० ला असेल तिथं उतरायचं. 'असेल तिथं' म्हणजे ओढ्यातसुद्धा, म्हणून पहिला आकडा ऐसपैस ठेवायचा. शिवाय वर चढताना व्होल्ट एकदम खाली येतात आणि दम घेतला की पुन्हा वर जातात; माझ्या खात्याचं दिवाळीत असंच होतं, फक्त ते पुन्हा वर जात नाही. म्हणून ड्रोन लगेच घाबरत नाही. सलग दहा सेकंद शिल्लक कमी दिसली, तरच निर्णय घेतो. आमच्याकडे एवढ्या कामाला सर्क्युलर लागतं.

दुसऱ्या दिवशी उघडीप मिळाली. ड्रोन ओढ्यावरून गेला. ओटीवर आजींच्या पुढ्यात स्क्रीन. हिरवीगार खाचरं, मागं तोरण्यावर ढग. आम्ही सगळे "वा! वा!" करत होतो. आजी चष्मा पुसून म्हणाल्या, "वरल्या खाचराचा बांध फुटलाय. पानी समदं वाया चाललंय. कोन म्हनलं झ्याक हाय?"

दोन्ही मुलगे एकदम उठून खोरी शोधायला लागले. प्लॉटचा विषय तिथंच राहिला, निदान त्या दिवशी.

इतक्यात १४.४ झाले. कुणी काही न करता ड्रोन वळला, ओढा ओलांडून अंगणात येऊन अलगद बसला. आजी बघतच राहिल्या.

"पाव्हणं, त्याला कसं कळलं परत फिरायचं?"

मी त्यांना ती काडेपेटीएवढी पट्टी दाखवली, सहा तारा दाखवल्या, मिनिमम बॅलन्स समजावून सांगितला. त्यांनी सगळं नीट ऐकलं, भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या,

"आमच्या म्हाताऱ्याला बसवायला पायजे हुतं असलं कायतरी. अंधार पडल्याबिगर कदी घरला आला न्हाई."