कापणी आणि खावटी

तळेघरच्या भातखाचरांत कापणी म्हणजे वर्षभराच्या कष्टांचे फळ. सुझान कॉलिन्स यांच्या २००८ च्या ‘हंगर गेम्स’ कादंबरीत मात्र ‘कापणी’ म्हणजे मुलांच्या नावांची सोडत. त्यातून निवडलेली २४ मुले-मुली दूरचित्रवाणीसमोर एकमेकांना मारतात. त्यांना ‘खंडणी’ म्हणतात.

बँकेत हयात घालवलेल्या मला ‘टेसेरा’ हा शब्द अधिक बोचला. प्राचीन रोममध्ये ती धान्य मिळवण्याची खूण होती. येथे एका माणसाचे तुटपुंजे धान्य-तेल उचलले की सोडतीत मुलाच्या नावाची एक चिठ्ठी वाढते आणि वर्षानुवर्षे साचत जाते. आपल्याकडील खावटी सुगीनंतर फिटू शकते. ही कधीच फिटत नाही, कारण तारण मूल असते. उधारी लिहिताना शब्द सौम्य आहे एवढ्यावर न थांबता तारण काय आहे, हे आपण पाहिलेच पाहिजे.