चित्रामागचे कागद

नकाशावर आज कुंडल आणि औंध यांचा काही संबंध दिसत नाही. कुंडल सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात, औंध सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात. पण १९४८ पर्यंत कुंडल हा औंध संस्थानचा एक तालुका होता. संस्थानचा मुलूख सलग नव्हताच. औंध, आटपाडी, कुंडल आणि पार विजापूरकडचं गुणदाळ असे त्याचे तुटक तुकडे होते. विलीनीकरण झालं, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं, गुणदाळ कर्नाटकात गेलं. मुलूख असा वाटला गेला की दप्तरही वाटलं जातं, आणि कुठला कागद कुठल्या कचेरीच्या वाट्याला गेला हे पुढच्यांना शोधत बसावं लागतं.

मी जुने कागद जतन करण्याचं काम करते आणि राहायला कुंडललाच आहे. सातारा-सांगलीतल्या लहानमोठ्या संग्रहांसाठी जतनाचे आराखडे करून देते. कुठलाही आराखडा करायला बसले की औंधचं श्री भवानी चित्रसंग्रहालय डोळ्यांसमोर येतं. राजा रविवर्मा, धुरंधर यांची चित्रं, पाश्चात्त्य चित्रांच्या प्रतिकृती, हेन्री मूरचं ‘मदर अँड चाइल्ड’ हे सगळं यमाईच्या डोंगरावरच्या एका इमारतीत आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये हे संग्रहालय उभं केलं. ते स्वतः चित्रकार होते; त्यांचं चित्ररामायण १९१६ साली छापून निघालं. औंधला येणारा माणूस या चित्रांपुढे उभा राहतो आणि तसंच व्हायला हवं. मला मात्र त्या चित्रांच्या पाठीमागे काय आहे हे कळल्याशिवाय चैन पडत नाही.

पाठीमागे म्हणजे अगदी शब्दशः पाठीमागे. चौकटीच्या मागच्या फळीवर दुकानाची चिठ्ठी असते, पेन्सिलीनं लिहिलेला आकडा असतो, कधी जुन्या प्रदर्शनाचा क्रमांक असतो. हा संग्रहाच्या दप्तराचा पहिला कागद. तो कपाटात नसतो, भिंतीला तोंड लावून टांगलेला असतो. चौकट मोडकी म्हणून नवी बसवली जाते आणि जुनी फळी सरपणात जाते, तेव्हा त्या चित्राची अर्धी ओळख जाते. त्यामुळे माझ्या आराखड्यात चौकटीमागचे फोटो काढणं हे काम कपाटं उघडण्याच्याही आधी येतं. त्याला खर्च जवळजवळ नाही.

मग येतात खरेदीची बिलं, चित्रकारांशी झालेला पत्रव्यवहार, आवक-जावक रजिस्टर, जडसंग्रहाची नोंदवही, इमारतीचे नकाशे, उद्घाटनाचे फोटो, अभिप्रायाच्या वह्या. यांना कोणी इतिहास मानत नाही. चित्र जपायचं असेल तर मात्र हेच कागद लागतात. एखाद्या तैलचित्रावर पिवळसर थर दिसतो. तो मूळ चित्रकाराचा व्हार्निश आहे, की पुढे कोणी चकाकी यावी म्हणून जवसाचं तेल चोळलं, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवणं अवघड असतं. जुन्या वहीत ‘तसबिरी साफ करण्याबद्दल’ अशी एक ओळ आणि तेलाची किंमत सापडली, तर साफसफाई करणाऱ्याचा हात योग्य जागी थांबतो.

औंधच्या बाबतीत अशी ओळ कुठे शोधायची, हाच विचार करण्यासारखा प्रश्न आहे. १९३९ मध्ये भवानरावांनी प्रजेला स्वराज्याची घटना दिली. त्यामागे पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन होते, गांधीजींचा सल्ला होता. राज्यकारभार लोकांच्या हाती गेल्यावर चित्रांवरचा खर्च राजाच्या खासगीत पडला की संस्थानच्या तिजोरीत? संग्रहालय उभं राहिलं १९३८ मध्ये, घटना आली पुढच्याच वर्षी. म्हणजे एकाच संग्रहाच्या पहिल्या दोन वर्षांचे कागद दोन वेगळ्या प्रकारच्या दप्तरांत शोधायला हवेत. हे आधी समजून घेतलं नाही, तर माणूस चुकीच्या रुमालात महिनोन् महिने शोधत राहतो.

म्हणून माझं एक ठाम मत आहे आणि त्यावर मी यजमान मंडळींशी वादही घालते. कागद वाचवण्याआधी कागदांचा क्रम वाचवायचा. फाटलेला कागद दहा वर्षांनीही जोडता येतो. विस्कटलेला क्रम कोणालाच पुन्हा लावता येत नाही, कारण तो लावणारा माणूस गेलेला असतो.

एका गावात एका चित्रकला शिक्षकांचा संग्रह पाहायला गेले होते. त्यांच्या माघारी घरच्यांनी सगळं माळ्यावर नीट ठेवलं होतं. विषयवार लावून द्यावं, पत्रं एकीकडे, बिलं एकीकडे, अशी त्यांची अपेक्षा होती. घरात वर्षानुवर्षं राबलेले एक वयस्कर मामा शेजारी उभे होते. मी पहिल्या गठ्ठ्याला हात घातला तसे ते म्हणाले, “ताई, ह्यो गठ्ठा फोडू नगा. गुर्जींनी सवता बांधलाय. ज्या चित्राचं त्ये कागद, त्या चित्रासंगट.” खरंच, त्या गठ्ठ्यात एकाच चित्राचं कच्चं रेखाटन, रंगाच्या दुकानाची पावती, मॉडेल म्हणून बसलेल्या माणसाला दिलेल्या पैशांची चिठ्ठी आणि चित्र नाकारल्याचं प्रदर्शनवाल्यांचं पत्र एकत्र होतं. विषयवार लावलं असतं तर चारही कागद टिकले असते आणि त्यांनी एकत्र सांगितलेली गोष्ट संपली असती. मी मामांनाच बसवून घेतलं आणि कुठला गठ्ठा कुठल्या फळीवर होता हे त्यांच्याकडून लिहून घेतलं. आराखड्यातली ती पानं सर्वांत कामाची ठरली.

आता खुद्द कागदाबद्दल. लोकांना वाटतं की जितका कागद जुना, तितका धोका मोठा. आमच्या भागात अनुभव बहुतेकदा उलटा येतो. मोडी कागद चिंध्यांच्या लगद्याचे, हातानं केलेले. त्यांवर काजळीची शाई. वाळवी आणि पाणी यांपासून सांभाळले तर ते अजून शेकडो वर्षं राहतील. काळजी करायची ती विसाव्या शतकातल्या गिरणीच्या कागदाची. लाकडाच्या लगद्यातलं आम्ल त्याला आतूनच खातं. कडा तपकिरी होतात आणि घडीवर तुकडे पडतात. चित्रसंग्रहांचं दप्तर नेमकं याच काळातलं असतं. त्यात टाचण्या गंजलेल्या, कार्बन कॉप्या पातळ, आणि कोणीतरी मायेनं लावलेली चिकटपट्टी. चिकटपट्टी काही वर्षांत सुकून गळते, पण तिचा गोंद कागदात मुरून कायमचा डाग पाडतो. फाटलेला कागद तसाच राहिला असता तर माझं काम सोपं झालं असतं, हे मी प्रत्येक संग्रहात सांगते.

इमारतीचे निळे नकाशे वेगळे काढायला लागतात. इतर कागदांसाठी आम्ही आम्ल मारणारे अल्कलीयुक्त वेष्टनकागद वापरतो. ब्ल्यूप्रिंटचा निळा रंग अल्कलीनं उडतो. तिला साधा, उदासीन कागद हवा. काचेच्या निगेटिव्ह आडव्या एकावर एक रचल्या की खालच्या फुटतात; त्या लांब कडेवर उभ्या ठेवायच्या, प्रत्येकीला स्वतंत्र चार पाकळ्यांचं पाकीट. चांगल्या हेतूनं सगळ्यांना एकाच प्रकारची पाकिटं वाटून टाकणं, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे.

दुरुस्तीवर मी आराखड्यातला सर्वांत कमी पैसा ठेवते. जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ घेऊन एक पान जोडायला कधी अख्खा दिवस जातो. त्या दिवसाच्या मजुरीत कितीतरी गठ्ठ्यांना चांगली खोकी मिळतात. खोकं धूळ अडवतं, उजेड अडवतं, पाण्याचे पहिले शिंतोडे अडवतं आणि हवेतल्या ओलाव्याचे हेलकावे कागदापर्यंत सावकाश पोचू देतं. कुंडल-पलूसच्या हवेत हा शेवटचा गुण फार मोलाचा आहे. मे महिन्यात कागद पापडासारखा कडक होतो, जुलैत तोच मऊ पडतो. असं वर खाली होण्यानंच कागदाचे तंतू थकतात. चोवीस तास वातानुकूलन चालवण्याची ऐपत कोणाकडे नसते, आणि दिवसा चालू, रात्री बंद असं वातानुकूलन तर नसलेलंच बरं.

पाण्याबद्दल मात्र कंजुषी चालत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला आलेल्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयाचे ग्रंथ भिजले. दीडशे वर्षांची संस्था ती. भिजलेल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी चढायला लागते आणि पूर ओसरून आत जाता येईपर्यंत तेवढा वेळ सहज निघून गेलेला असतो. म्हणून मी प्रत्येक संग्रहाला एक पानभर यादी करायला लावते: पाणी चढू लागलं तर सर्वांत आधी काय उचलायचं, कुठे न्यायचं, किल्ली कोणाकडे आहे. जवळपास बर्फाचा कारखाना किंवा द्राक्षांचं शीतगृह कुठे आहे हेही लिहायचं, कारण ओला कागद गोठवला की बुरशी थांबते आणि वाळवायला सवड मिळते. द्राक्षबागांच्या आमच्या पट्ट्यात शीतगृहं आहेत, ही सोय मोठ्या शहरातल्या संग्रहालाही नसेल. औंधचं संग्रहालय डोंगरावर असल्यानं त्याला नदीचं भय नाही. तिथे गळतं छप्पर आणि विजेची जुनी तार आधी बघायची.

आगीबद्दलही कंजुषी चालत नाही. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. किर्लोस्करवाडी कुंडलच्या अगदी जवळ, औंधच्याच राजानं दिलेल्या माळावर १९१० मध्ये वसलेली. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेलेले, रंग ओळखण्यात दोष निघाला म्हणून ते यांत्रिक आरेखनाकडे वळले. पुढे याच वसाहतीतून शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’ काढली आणि चित्रं मराठी घराघरांत पोचवली. तिकडे औंधला वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर होते, तेही मूळचे चित्रकार. १९४८ मध्ये ते आपली स्वाध्याय मंडळ ही संस्था घेऊन गुजरातेतल्या पारडीला गेले. औंधच्या चित्रांचा इतिहास या सगळ्यांच्या कागदांत पसरलेला असणार. एका इमारतीपुरता जतनाचा आराखडा त्यामुळे मला नेहमी अपुरा वाटतो.

कुंडल हे ब्रिटिशांविरुद्धच्या भूमिगत प्रतिसरकारचं गाव. भूमिगत चळवळीला लेखी पुरावा मागे ठेवणं परवडत नाही; तो इतिहास बराचसा माणसांच्या आठवणींतून गोळा करावा लागला. चित्रसंग्रहाचं तसं नाही. त्यानं कागद भरपूर ठेवले, फक्त ते कोणाकडे आहेत हे लिहून ठेवलं नाही. तेव्हा माझ्या आराखड्याच्या पहिल्या वर्षात यंत्रखरेदी नाही, स्कॅनिंगही नाही. क्रम न लावता केलेल्या स्कॅनमधून नुसत्या आकड्यांच्या नावाच्या हजारो फायली तयार होतात आणि त्यांत काहीही सापडत नाही. पहिल्या वर्षी एका माणसाचा पगार आहे. त्यानं औंध, कुंडल, आटपाडी, सातारा, सांगली अशी जुन्या संस्थानची वाट फिरायची. घरांत, कचेऱ्यांत, वाचनालयांत काय आहे ते जागेवरच पाहून एका वहीत नोंदवायचं आणि कुठलाही गठ्ठा हलवायचा नाही. या माणसाला मोडी वाचता यायला हवं आणि वयस्कर माणसांपाशी निवांत बसता यायला हवं. मंजुरी देणारे पहिली अट लगेच मान्य करतात. दुसरीसाठी पैसे कशाला, असं विचारतात. तेव्हा मी त्यांना मामांकडून लिहून घेतलेली ती पानं दाखवते आणि पगाराचा आकडा कमी करत नाही.