उजवा दिवा का रुसतो?

तुमच्या घरात असा एखादा टॉर्च आहे का, जो दोन थपडा खाल्ल्याशिवाय लागतच नाही? असेलच! बंद पडलेली वस्तू दुरुस्त करणं एक वेळ सोपं. पण कधी चालते, कधी चालत नाही, अशी वस्तू मोठी खोडकर. दुरुस्त करणाऱ्यासमोर ती हटकून शहाण्यासारखी वागते!

साल २०००. मी पाचवीत होते. आमच्या घाटकोपरच्या चाळीत शेजारचे काका टॅक्सी चालवायचे. (तेव्हाच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणजे बहुतेक प्रीमियर पद्मिनी, आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यातल्या. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत त्या टॅक्सी म्हणून धावत नाहीत.) परदेशची पुष्कळ विमानं सहारला मध्यरात्री उतरायची, म्हणून काकांचा धंदाही रात्रीचा. त्या जुलैत त्यांच्या गाडीचा उजवा हेडलाइट मधेच जायचा, मधेच यायचा.

तुम्ही म्हणाल, दुसरा दिवा आहे की! पण आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जातो. समोरून येणाऱ्याच्या जवळ असतो तो आपला उजवा दिवा. तोच विझला तर त्याला वाटतं, पलीकडच्या कडेने एखादी स्कूटर येतेय. आरे कॉलनीच्या काळोख्या रस्त्यावर एका ट्रकवाल्याला अगदी तसंच वाटलं. काकांनी गाडी गवतात घातली म्हणून वाचले. काकूंनी मग सांगूनच टाकलं, "दिवा नीट होईपर्यंत रात्री गाडी काढायची नाही." आणि रात्रीची गाडी नाही म्हणजे घरात पैसा नाही.

दोन गॅरेजं झाली. एकाने बल्ब बदलला, दुसऱ्याने फ्यूज. दोन्हीकडे दिवा लख्ख लागला, आणि पुढच्या पावसात पुन्हा गेला.

मग कोणीतरी साकीनाक्याच्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनचा पत्ता दिला. रविवार होता, मीही काकांबरोबर गेले. या चाचांनी पान्याला हातच लावला नाही. आधी प्रश्न! दिवा कधी जातो? खड्ड्यात? पावसात? डिपर मारल्यावर?

काका आठवून म्हणाले, "वळताना जास्त जातो."

"बरं. हेडलाइट चालू ठेवा आणि उजवा इंडिकेटर लावा."

लावला मात्र, आणि काय गंमत! इंडिकेटर टिक-टिक करू लागला, तसा हेडलाइटही त्याच तालावर मंद-तेज, मंद-तेज व्हायला लागला. चाचा हसले. त्यांनी एक लांब वायर घेतली. एक टोक बॅटरीच्या वजा टोकाला जोडलं, दुसरं दिव्याच्या काळ्या वायरीला टेकवलं. दिवा भक्कन उजळला! वायर काढली, पुन्हा मलूल. बल्ब, फ्यूज, स्विच, सगळे निर्दोष सुटले.

मग चोर कोण? नीट ऐका हं. वीज बॅटरीतून निघून दिव्यातून जाते, पण तिला बॅटरीकडे परतावंही लागतं. या परतीसाठी गाडीत लांब वायर टाकत नाहीत. दिव्याची काळी वायर जवळच पत्र्याला स्क्रूने आवळतात. पुढे गाडीचा पत्राच वायरीचं काम करतो. याला म्हणतात 'अर्थ'. कुर्ल्याला परतीच्या रुळांवर पाणी साचलं की थोड्या वेळात जाणाऱ्या लोकलही अडकतात ना? तसंच हे. इथे हेडलाइट आणि इंडिकेटर या दोघांची परतीची वाट एकाच स्क्रूवरून होती, आणि चाकाने उडवलेलं पाणी नेमकं तिथेच बसत होतं. गाडी कुठल्याही कंपनीची असो, आपल्या पावसात पत्रा गंजतोच.

थोडं गणित करू. बल्ब ५५ वॅटचा, बॅटरी १२ व्होल्टची. म्हणजे साडेचार अँपिअरहून जास्त प्रवाह. वाटेत गंजाचा नुसता १ ओहम अडथळा आला, तरी १२ पैकी तीन-साडेतीन व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि उजेड निम्म्याहून कमी होतो. त्यात खड्ड्याचा धक्का बसला की संपलंच!

चाचांनी आधी बॅटरीची वायर सोडवली. स्क्रू काढला, खाली तांबूस भुगा. पत्रा चांदीसारखा दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासला, वायरीचं टोकही घासलं, घट्ट आवळलं, वर ग्रीस चोपडलं. पंधरा मिनिटांचं काम! पण दिवा लागला म्हणून ते थांबले नाहीत. गाडीला चार गुद्दे मारले, बादलीभर पाणी ओतलं, पुन्हा इंडिकेटर लावला. दिवा जराही लवला नाही. मला सगळ्यात आवडलं ते हे.

आता चौथीच्या वर्गात मी मुलांना दोन सेल, एक बल्ब आणि परतीच्या वाटेत एक गंजका खिळा देते. सगळी मुलं आधी बल्बच बदलतात! तुम्ही घरचा टॉर्च उघडा, सेल काढून स्प्रिंग घासून बघा. मात्र घरातल्या प्लगला हात लावायचा नाही आणि गाडीच्या बॅटरीजवळ मोठ्यांशिवाय जायचं नाही. पाना चुकून तिच्या दोन्ही टोकांना टेकला, तर ठिणग्या उडून हात भाजतो.

त्या रात्री काका सहारला गेले. पुढे दरवर्षी मे महिना संपत आला की ते पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन बोनेट उघडायचे, आणि समोर उभं राहून दिवा बघायचं काम माझ्याकडे असायचं.