बाम्बेर्गची धुराची बिअर

आमचा एक पुतण्या जर्मनीत न्यूरेंबर्ग शहरी नोकरीस आहे. गेल्या मे महिन्यात त्याच्याकडे काही दिवस राहण्याचा योग आला. एके दिवशी सकाळच्या चहाच्या वेळी तो आमच्या मंडळींस म्हणाला, "काकू, आज तुम्हांला बाम्बेर्ग दाखवतो. गाव फार देखणे आहे. शिवाय धुराच्या वासाची बिअर करण्याची जुनी रीत तिथे अजून टिकून आहे." शेवटचे वाक्य कानी पडताच मंडळींच्या हातातील कप बशीवर जरा जोरानेच टेकला. त्यास कारणही तसेच होते. त्यांच्या माहेरच्या आप्तांपैकी एक सुखवस्तू घर दारूपायी धुळीस मिळालेले त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिले होते. "नदी पाहीन, देऊळ पाहीन, भट्टी कशाला पाहायची?" हा त्यांचा प्रश्न आम्हांसही रास्त वाटला. तथापि जी वस्तू वाईट म्हणून आपण टाकतो, ती आहे तरी काय हे एकदा समजून घेण्यास हरकत नसावी, असे ठरून आम्ही तिघे निघालो.

न्यूरेंबर्गच्या उत्तरेस सुमारे साठ किलोमीटरवर, रेग्निट्झ नदीच्या काठी हे गाव वसले आहे. दुसऱ्या महायुद्धात न्यूरेंबर्गची राखरांगोळी झाली, पण बाम्बेर्ग बव्हंशी वाचले. म्हणून १९९३ साली जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश होऊ शकला. नदीच्या ऐन मध्यावर, दोन पुलांच्या बेचक्यात, जुनी नगरसभा उभी आहे. बिशपने जागा देण्याचे नाकारले, तेव्हा नागरिकांनी पाण्यातच खांब रोवून ती बांधली, अशी दंतकथा सांगतात. टेकडीवर चार मनोऱ्यांचे भव्य मंदिर आहे. हेगेल हा तत्त्ववेत्ता १८०७-०८ या काळात याच गावी वृत्तपत्राचा संपादक होता, हे कळल्यावर आमच्या मनातील गावाविषयीचा आदर वाढला, हे कबूल केले पाहिजे.

मिखाएल्सबेर्ग नावाच्या टेकडीवर बेनेडिक्टाइन पंथाच्या साधूंचा एक मठ होता. १८०३ साली तो बंद झाला. मठातील जुन्या भट्टीच्या कमानींखाली आता बिअरच्या धंद्याचे संग्रहालय आहे. साधूंच्या मठात भट्टी, याचे आम्हांस नवल वाटले. पण त्या काळी युरोपातील मठांत ही सर्वसाधारण गोष्ट होती.

तेथे प्रथम कळले ते हे, की बिअर ही गाळलेली दारू नव्हे, आंबवलेली होय. जव दोन-तीन दिवस पाण्यात भिजवायचे, मग फरशीवर पसरून लाकडी फावड्याने वरचेवर उलथीत राहायचे. सुमारे आठवड्याभरात त्यांस मोड येतात. ते वेळीच वाळवले, की माल्ट तयार झाले. हे ऐकून मंडळी थबकल्या. "म्हणजे हे आपले सत्त्वच की!" त्या उद्गारल्या. आणि खरोखर तसेच आहे. नाचणी भिजवावी, फडक्यात बांधून मोड आणावेत, सुकवून मंद भाजावी, दळून वस्त्रगाळ करावी, हे आपल्या घरोघरच्या आजीबाई पिढ्यानुपिढ्या करीत आल्या. मोड येताना धान्यातील पिष्टाची साखर होऊ लागते, म्हणून ते तान्ह्या मुलास पचते. आणि त्याच साखरेवर पुढे किण्वाची क्रिया होऊन मद्यार्क निर्माण होतो. येथवर वाट एकच आहे. एक फाटा पाळण्याकडे जातो, दुसरा पेल्याकडे!

आता धुराची गोष्ट. पूर्वी ओले माल्ट लाकडाच्या विस्तवावर वाळवीत, त्यामुळे बहुतेक बिअरला थोडाबहुत धुराचा वास असेच. पुढे धूर न लागता केवळ गरम हवेने वाळवण्याच्या भट्ट्या निघाल्या. त्या सोयीच्या व स्वस्त ठरल्या, आणि जुनी रीत हळूहळू मावळली. बाम्बेर्गमधील श्लेंकेर्ला व स्पेत्सिआल या दोन घरांनी मात्र ती सोडली नाही. पहिल्या घराचा उल्लेख १४०५ सालच्या कागदात सापडतो, दुसरे १५३६ पासूनचे. दोन्ही ठिकाणी आजही बीच वृक्षाच्या लाकडाच्या धुरावर स्वतःचे माल्ट वाळवतात.

या धंद्यास मर्यादाही घालून दिलेली होती. बिअरमध्ये माल्ट, हॉप नावाच्या वेलीची फुले आणि पाणी यांवाचून काही घालू नये, असा हुकूम येथील बिशपने १४८९ साली काढला. बव्हेरियाचा प्रसिद्ध कायदा त्यानंतरचा, १५१६ चा. बर्फाची यंत्रे नव्हती तेव्हा बिअर टेकडीच्या पोटातील थंड तळघरांत ठेवीत आणि वर सावलीसाठी चेस्टनटची झाडे लावीत. त्या झाडांखाली लोक बसू लागले, म्हणून येथे आजही "तळघरात" न जाता "तळघरावर" जाण्याची भाषा आहे.

दुपारी श्लेंकेर्लाच्या जुन्या इमारतीत जाऊन बसलो. काळवंडलेल्या तुळया, लांब बाके, आणि लाकडी पिपातून नळाने थेट पेल्यात उतरणारी काळसर बिअर. तिच्यात मद्यार्क शेकडा ५ च्या आसपास असतो. आम्ही उभयतांनी सफरचंदाचा रस मागवला. पुतण्यानेही तोच मागवला. शेजारच्या बाकावर आजोबा, मुलगा आणि नात असे कुटुंब जेवत होते. आजोबांपुढे एकच पेला होता आणि तो त्यांस तासभर पुरला. आम्ही परके पाहून ते हसत काही बोलले. पुतण्याने भाषांतर केले, "पहिला पेला परका वाटतो, दुसरा ओळखीचा होतो, तिसऱ्याला गोडी लागते, असे म्हणताहेत."

"तेच तर भय आहे," मंडळी म्हणाल्या. "आमच्याकडचे ते घर तिसऱ्या पेल्यालाच बुडाले." मग थोडे थांबून त्यांनी हळूच विचारले, "तू घेतोस का रे?"

पुतण्याने मान खाली घातली. "कधीकधी घेतो, काकू. एखादा पेला. घरी सांगितलेले नाही."

क्षणभर कोणीच बोलले नाही. आमच्या मनात उपदेशाची चार वाक्ये तयार झाली होती, ती मंडळींच्या चेहऱ्याकडे पाहून तशीच राहिली. त्या म्हणाल्या, "तू घेऊ नयेस हेच मला आवडेल, आणि ते मी लपवणार नाही. पण खोटे बोलला नाहीस, एवढे समाधान आहे. तिसऱ्या पेल्यापाशी मात्र माझी आठवण ठेव." पुतण्याचे डोळे पाणावले.

परतीच्या गाडीत आम्ही पुष्कळ वेळ विचार करीत होतो. मद्यपानाविषयीचे आमचे मत त्या एका दिवसाने बदलले नाही. बदलण्याचे कारणही नाही. परंतु सोपी वाट समोर असता जुनी कष्टाची रीत न सोडणाऱ्या त्या दोन घरांविषयी आदर वाटल्यावाचून राहिला नाही. वाचकहो, आमची मुले आता दूरदेशी राहतात; तेथील पेले त्यांच्यापुढे येणारच. त्यांस आपले मत स्पष्ट सांगावे, आणि त्यांचे खरे ऐकून घेण्याइतकी जागा घरात ठेवावी, हेच आपल्या हाती आहे.

घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मंडळींनी नाचणी भिजत घातली. सुनेचे बाळ आता सहा महिन्यांचे झाले आहे. डब्यातले तयार अन्न आणण्याचे ठरले होते, तो बेत रहित झाला.