सावलीत ठेवली की टिकतं

परवा वायपरची रबरं बदलायला गेलो, तर दुकानदाराने खिडकीतून मान आत घातली, गाडीच्या छताला अंगठा दाबून बघितला आणि म्हणाला, "बघा, टिकलं की नाही? सावलीत ठेवली की टिकतं, म्हटलं होतं की ओ मी." ते काम त्याचं नव्हतं. त्याचं काम आठ दिवसांत माझ्या डोक्यावर आलं होतं, अगदी खरोखरच डोक्यावर. पण मागे दोन गाड्या थांबलेल्या. रबरांचे पैसे दिले आणि अनगोळला घरी आलो. बायको म्हणाली, "हे सगळं मला सांगताय, त्याला का नाही सांगितलंत?" म्हणून लिहून काढतोय.

गाडी २००६ची. आधी मागच्या काचेजवळ छताचं कापड सुटलं, मग दिव्याभोवती, आणि मार्चपर्यंत मधोमध चांगली झोळी झाली. टिळकवाडीतल्या दुसऱ्या रेल्वे गेटला थांबून काचा खाली केल्या की वाऱ्याने कापड फुगायचं आणि आईच्या अंबाड्यावर येऊन बसायचं. पदर सारखा करावा तसं ती ते वर सारायची. टाचण्या लावून पाहिल्या. एक टाचणी खड्ड्यात उसळून मुलीच्या मांडीवर पडली, तेव्हा हेच दुकान गाठलं.

"अर्ध्या तासाचं काम," दुकानदार म्हणाला. पोऱ्याने इंजेक्शनची सिरिंज आणली, कापडाला जागोजागी सुई टोचून आत गम सोडला आणि हाताने दाबत गेला. पंधराशे रुपये. मी उद्यमबागेत लेथवर मायक्रॉनचा हिशेब करत आयुष्य काढलेला माणूस. गम नेमका कशाला चिकटतोय एवढं तरी विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

आठव्या दिवशी छताला फोड आले. शिवाय जिथे जिथे सुई गेली होती तिथे गमाचा तपकिरी डाग. सतरा डाग मोजले. गाडी घेऊन गेलो तर पहिला प्रश्न, "उन्हात लावली होती काय?" एप्रिल महिना, कारखान्याचं आवार, गाडी उन्हात नाही तर कुठे लावणार? फडताळात? म्हटलं, गाडी ही उन्हातच फिरायची वस्तू आहे. तो म्हणाला, "मग गॅरंटी नाही." गॅरंटी त्याने दिलीच नव्हती, त्यामुळे ती काढून घेता येते हे मला नवीनच कळलं. पैसे नकोत, निदान डाग तरी काढा म्हटलं, तर म्हणे सीट कव्हर नवं घाला, लक्ष तिकडे जाईल. वर डोक्यावर घाण झाली म्हणून खाली गालिचा अंथरायचा! मला त्या पंधराशेचं एवढं नाही. आपली चूक झाली असं समोरच्याने म्हणावं, एवढं समाधानसुद्धा मिळालं नाही.

शेवटी शहापुरातल्या एका म्हाताऱ्या कुशनवाल्या मामांकडे गेलो. त्यांनी कापडाची कड उचलून बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटावर नारिंगी भुकटी. "कापडाला काय झालं नाही. फोम मेलंय की ओ. मेल्याला काय चिकटवणार?" कापडाच्या पाठीला पातळ फोम असतो, तो पुठ्ठ्यासारख्या साच्याला चिकटवलेला. उष्णता आणि दमट हवेने फोमच कुजून त्याची भुकटी होते. मग गम कितीही भारी असो, तो भुकटीला धरतो. फियाटच्या काळी हे नव्हतं, असं मामा म्हणाले. रेक्झिनला पट्ट्या शिवायच्या, त्यात तारा ओवायच्या आणि ताणून बसवायचं.

दोन दिवस गाडी तिथे होती. हँडल, सनवायझर, दिवा, खांबांवरची कव्हरं काढून अख्खा साचा मागच्या दाराने न वाकवता बाहेर. मऊ ब्रशने सगळी भुकटी खरवडली. मग गम दोन्हीकडे, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं, आणि मधून कडेकडे तळव्याने कापड बसवत जायचं. जोरात दाबलं तर फोम चपटा होतो. ही थांबण्याची पाच-दहा मिनिटं मला फार आवडली. मामा तेवढ्यात चहा प्यायले. (तुमच्या गाडीला कडेने पडदा एअरबॅग असेल तर मात्र साच्याला स्वतः हात लावू नका.)

अडतीसशे रुपये झाले. रंग काही जुळला नाही. छत राखाडी, खांब मातकट. मुलीला मुंबईच्या जुन्या टॅक्सीसारखं फुलाफुलांचं छत हवं होतं, ते मी हाणून पाडलं. आता वाटतं, घालायला हवं होतं.

आणि निघताना मामा काय म्हणाले? "सावलीत लावा. बंद गाडी उन्हात तापली की फोमचं आयुष्य कमी होतंय."

म्हणजे तो दुकानदार म्हणत होता तेच. राग त्याचाच येतो. हल्ली गाडी शेजाऱ्यांच्या आंब्याखाली लावतो. रोज सकाळी टप पुसावा लागतो, पाखरं ऐकत नाहीत.